बिझनेस क्लास: तिकीट कंपनीचं नको, खुर्चीचं काढा!

मित्रांनो, शीर्षक वाचून हसू नका. ज्या हॉस्टेलमध्ये महिनाअखेरीला वडापावचाही हिशोब वहीत मांडला जातो, तिथे बिझनेस क्लासवर लेख कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण जरा आजूबाजूला बघा. दर वर्षी आपले काही सीनियर्स एमएस करायला बाहेर जातात, काहींना कंपनी ऑनसाइट पाठवते. मग दोन-चार वर्षांनी त्यांचे आई-बाबा, आजी-आजोबा भेटायला निघतात. स्टाफरूममध्येही ज्यांची मुलं परदेशी आहेत असे सर आणि मॅडम सापडतीलच. अशा वेळी घरातल्या इंजिनिअरला फर्मान सुटतं, "तूच बघ गं, तुला नेटवरचं सगळं कळतं!"

आमच्या घरी हे फर्मान २०२४ च्या पावसाळ्यात सुटलं. आजोबा ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले फिटर. सगळी नोकरी मिग आणि सुखोईच्या सांगाड्यांभोवती गेली, पण स्वतः समुद्र ओलांडून कधी गेले नाहीत. आजी ७३ वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले, आणि त्या ऑपरेशननंतर एकदा पायात रक्ताची गाठ झालेली. आत्या न्यू जर्सीला. तिच्या मुलीचं लग्न नोव्हेंबरमध्ये. डॉक्टरांनी सांगितलं, "जा, पण पाय लोंबते ठेवून पंधरा-सोळा तास बसायचं नाही." आजोबांनी एफडी मोडायची ठरवली, उरलेले पैसे आत्या घालणार होती. आयुष्यात एकदाच होणारा खर्च होता हा. निवड चुकली तर पैशांपेक्षा आजीच्या पायाची काळजी जास्त होती.

तेव्हा जे शोधलं, वाचलं, विचारलं, ते इथे मांडते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आधी प्रवासी, मग कंपनी

बिझनेस क्लास म्हटलं की प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो. कोणी म्हणतं अमक्या कंपनीचं जेवण मस्त, कोणी म्हणतं तमक्यांचं लाउंज म्हणजे राजवाडा. पण डिझाइनच्या पेपरला आपण आधी काय लिहितो? काय दिलंय आणि बंधनं कोणती. इथेही साधा फंडा तोच आहे.

आमची यादी अशी झाली. एक, आजीला पूर्ण आडवं होता आलं पाहिजे. दोन, मधे पाय मोकळे करायला जागा आणि वेळ हवा. तीन, विमानतळावर पायपीट आणि इंग्रजीतले प्रश्न कमीत कमी हवेत. चार, दोघं शेजारी बसली पाहिजेत, कारण आजीच्या गोळ्यांचा डबा आजोबांच्या ताब्यात असतो. पाच, परतीची तारीख बदलता आली पाहिजे. या पाच ओळींत शॅम्पेन नाही की लाउंज नाही. त्यामुळे निम्म्या जाहिराती आपोआप बाद झाल्या.

रस्ते तीन

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. तिथे पोचायचे मुख्य मार्ग तीन.

पहिला थेट. एअर इंडियाने २००७ मध्ये मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली. मधे खंड पडला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळासाठी ती पुन्हा सुरू झाली. एकदा बसलं की पंधरा-सोळा तासांनी थेट अमेरिकेत. विमान बदलायचं नाही, सामान हरवायची धास्ती कमी. आजोबांचं मत ठाम होतं, "एकदा इंजिन सुरू झालं की मधे बंद कशाला करायचं?"

दुसरा आखाती देशांतून, म्हणजे दुबई, दोहा किंवा अबू धाबी. पहिला टप्पा तीन तासांच्या आसपास, दुसरा चौदा तासांच्या आसपास. तिसरा युरोपातून, म्हणजे फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिस वगैरे. इथे दोन टप्पे जवळजवळ सारखे पडतात, साधारण नऊ आणि साडेआठ तास.

वरवर पाहता युरोपचा मार्ग पायांना सगळ्यात बरा, कारण बरोबर मध्यावर चालायला मिळतं. पण झोपेचं गणित उलटं आहे. नऊ तासांच्या टप्प्यात उड्डाणानंतरचं जेवण आणि उतरण्याआधीचा नाश्ता वजा केला तर सलग झोप पाच-सहा तास मिळते, मग उठा, चाला, पुन्हा बसा. आखाती मार्गाने पहिला टप्पा नाशिकहून पुण्याला गेल्यासारखा संपतो आणि दुसऱ्यात सलग झोप मिळते. मात्र तो लांब टप्पा आजीसाठी लांबच राहतो, त्यात दर दोन तासांनी उठायला हवंच.

मार्ग निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आकाशातले रस्तेसुद्धा बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात उतरून इंधन भरावं लागलं. २३ जून २०२५ ला कतारने आपली हद्द काही तास बंद केली आणि दोह्याची वाहतूक कोलमडली. म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात बातम्या वाचा. जुन्या अनुभवावर विसंबू नका.

आडवं होणं आणि सपाट होणं

आता मुख्य मुद्दा. "आमची खुर्ची बेड होते" असं सगळेच सांगतात. पण कुठली आडवी, कुठली सपाट, हे नीट विचारावं लागतं. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी खुर्ची आणली. त्यानंतर हळूहळू बाकीच्यांना तिकडे जावं लागलं. पण मधल्या काळात पुष्कळ कंपन्यांनी तिरका बेड बसवला. खुर्ची सरळ रेषेत उघडते खरी, पण डोकं वर आणि पाय खाली.

यात काय बिघडतं ते फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सने सांगता येतं. समजा बेड जमिनीशी १० अंशांत आहे आणि माणूस ६० किलोचा. साइन १० म्हणजे ०.१७४. म्हणजे साधारण साडेदहा किलोचा जोर तुम्हाला सतत पायांकडे ढकलतो. घर्षणामुळे तुम्ही घरंगळत नाही, पण शरीर रात्रभर नकळत तोल सांभाळत राहतं. आजोबांना हे गणित कागदावर पटेना. मग आम्ही दिवाणाच्या डोक्याकडच्या पायांखाली चार-चार विटा रचल्या आणि ते स्वतः आडवे झाले. वीस मिनिटांत चादर पायाशी गोळा! "हे रद्द," आजोबा म्हणाले आणि त्यांनीच यादीवर फुली मारली.

दुसरं म्हणजे रांगेची मांडणी. रेल्वेत आपण साइड लोअर मिळाली की लोअर हे जसं बघतो, तसं इथे आकडे बघायचे. १-२-१ म्हणजे खिडकीला एकेक खुर्ची, मधे दोन. प्रत्येकाला पॅसेज मोकळा. २-२-२ मध्ये खिडकीवाल्याला झोपलेल्या शेजाऱ्याला ओलांडावं लागतं. २-३-२ मध्ये तर अधला-मधला एक जण असतोच, आणि एवढे पैसे भरून मधल्या सीटवर बसायचं म्हणजे काय ते पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाणाऱ्यांना विचारा.

गंमत अशी की एकाच कंपनीत या सगळ्या तऱ्हा सापडतात. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये १-२-१, तर जुन्या मांडणीच्या ७७७ मध्ये २-३-२. एअर इंडियाच्या जुन्या मांडणीच्या ७७७ मध्ये २-३-२, पण जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ए३५० मध्ये १-२-१. कतार एअरवेजची दार लागणारी क्यू-स्वीट २०१७ मध्ये आली आणि गाजली, पण ती त्यांच्या प्रत्येक विमानात नाही. लुफ्थांसाने नवी खुर्ची मे २०२४ मध्ये उडवायला सुरुवात केली, तेव्हा बाकीच्या ताफ्यात जुनी होतीच. जुनी विमानं नव्याने सजवण्याचं काम सगळीकडे चालू असतं. म्हणून "अमकी कंपनी चांगली" हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या मार्गावर, कोणत्या विमानात, कोणती खुर्ची, हे विचारल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. बुकिंग करताना विमानाचा प्रकार आणि सीट मॅप दोन्ही दिसतात, ते बघाच. आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा, कारण ऐनवेळी विमान बदलू शकतं.

१-२-१ मध्येही एक मेख आहे. काही मांडणींत पाय समोरच्या खुर्चीच्या बाजूच्या खोबणीत घालावे लागतात. आपल्याला चालतं, पण गुडघे बदललेल्या माणसाला अरुंद खोबणीत पाय वळवता येत नाहीत. केबिनच्या पहिल्या रांगेत, भिंतीमागच्या सीटला, ही जागा बहुधा रुंद असते. आणि जोडप्यासाठी मधली जोडी घ्या, पण ती एकमेकांकडे झुकलेली आहे की मधे कन्सोल घालून लांब केलेली, हे बघून. जवळच्या जोडीला काही लोक "हनिमून सीट" म्हणतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा आजी लाजली आणि आजोबांनी चष्मा पुसायला घेतला!

केबिन किती उंचीवर?

विमान ३५ हजार फुटांवर उडतं, पण आतल्या हवेचा दाब तेवढा कमी नसतो. जुन्या धाटणीच्या अॅल्युमिनियमच्या विमानात तो जास्तीत जास्त ८ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये तो ६ हजार फुटांचा ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार सिमल्याहून थोडं वर चढल्यासारखा, आणि दुसरा कळसूबाईच्या माथ्याहून थोडासाच वर. कळसूबाई आहे १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. समुद्रसपाटीच्या मानाने ८ हजार फुटांवर हवेचा दाब साधारण ७४ टक्के उरतो, ६ हजारांवर ८० टक्के.

हे जमतं कसं? प्रत्येक उड्डाणात विमानाचा सांगाडा फुग्यासारखा फुगतो आणि उतरल्यावर पुन्हा बसतो. अॅल्युमिनियमला हे हजारो वेळा केलं की फटीग येतो, म्हणून आतला दाब बेताने ठेवावा लागतो. कार्बन फायबरचं कंपोझिट या बाबतीत जास्त सोसतं. तेच गंजतही नाही, त्यामुळे हवेत ओलावा थोडा जास्त ठेवता येतो. तरुण माणसाला हा फरक फारसा जाणवणार नाही. पण वयस्कर माणूस, दम्याचा किंवा हृदयाचा पेशंट असेल, तर सारख्या भाड्यात ७८७ किंवा ए३५० मिळत असताना दुसरं विमान का घ्यावं?

आता पायातल्या गाठीबद्दल. याला लोक "इकॉनॉमी क्लास सिंड्रोम" म्हणतात, त्यामुळे बिझनेसमध्ये बसलं की सुटलो असा समज होतो. तो खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासानंतर गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो. एरवी निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो. आणि हे विमानापुरतं नाही, बस, रेल्वे, कार, सगळ्यांना लागू आहे. कारण खुर्चीची किंमत नसून न हलता बसणं हे आहे. ज्याला आधी गाठ झाली आहे त्याचा धोका अर्थातच जास्त. बिझनेस क्लासने पाय वर घेता येतात, उठायला जागा मिळते. उठायचं मात्र स्वतःलाच असतं. घट्ट मोजे, गोळी, इंजेक्शन हे डॉक्टरांना विचारूनच.

विमानतळावरची पायपीट

सपाट बेड मिळाला, पण त्याच्या आधी दोन किलोमीटर चालावं लागलं तर काय उपयोग? आजी व्हीलचेअरला तयार नव्हती. "मी काय आजारी आहे का?" पण व्हीलचेअरचेही तीन प्रकार असतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढू शकतो पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढवत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. बुकिंगमध्ये नुसतं "व्हीलचेअर हवी" न लिहिता योग्य कोड टाकून घ्या. आणि दोघांना लागणार असेल तर दोघांसाठी मागा.

हे मी उगाच सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाला व्हीलचेअर वेळेवर मिळाली नाही. एकच आली, त्यावर पत्नीला बसवून ते सोबत चालत निघाले, वाटेत कोसळले आणि वारले. विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. ही बातमी आजोबांनी दोनदा वाचली. मग आजीनेही वाद घातला नाही.

याच मुद्द्यावर अबू धाबीची एक सोय कळली. जानेवारी २०१४ पासून तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स आहे. म्हणजे अमेरिकेला जाणाऱ्या विमानात चढण्यापूर्वीच तपासणी पूर्ण होते आणि तिकडे उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. चौदा तासांनी थकून रांगेत उभं राहण्याऐवजी तीन तासांनी, थोडं ताजंतवानं असताना प्रश्नांची उत्तरं द्यायची. या सोयीसाठी मधला वेळ पुरेसा हवा. व्हीलचेअर असेल तर तीन तास तरी ठेवा.

बाकी कुठेही विमान बदलणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम त्या देशाच्या अधिकृत माहितीत बघा. हे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतात.

तिकिटातली बारीक अक्षरं

बिझनेसचं सगळंच तिकीट सारखं नसतं. तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं. जे हे बहुधा पूर्ण भाड्याचं आणि सगळ्यात मोकळं. सी, डी, आय, झेड ही उतरत्या भाड्याची, आणि भाड्याबरोबर सवलतीही उतरतात. कंपनीगणिक अक्षरं बदलतात, म्हणून नियमच वाचा. तारीख बदलायला किती, रद्द केलं तर किती परत. लग्नाची तारीख पक्की असते, पण परतायची नसते. आजीची तब्येत बिघडली तर लवकर यावं लागेल, आणि आत्याने आग्रह केला तर उशिरा!

दुसरं, सगळे टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढून चार पैसे वाचवले की ही जबाबदारी तुमच्या गळ्यात. "ऑपरेटेड बाय" ही ओळही वाचा. तिकीट एकाचं आणि विमान दुसऱ्याचं असू शकतं, म्हणजे खुर्चीही दुसऱ्याची.

कराचंही बघा. भारतातून निघणाऱ्या बिझनेस तिकिटावर जीएसटी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर ५ टक्केच आहे. समजा मूळ भाडं ३ लाख असेल, तर कर ३६ हजारांवरून ५४ हजार. त्यामुळे कर धरून आलेले आकडेच एकमेकांशी ताडून बघा.

जेवणाचे कोड आधी कळवा, निदान २४ तास. एव्हीएमएल म्हणजे आपलं भारतीय शाकाहारी, व्हीजेएमएल जैन, डीबीएमएल मधुमेहींचं. उपवासाचा कोड नाही. मी शोधून दमले. एकादशीला प्रवास येत असेल तर एफपीएमएल, म्हणजे फळांची थाळी. आजीने ते ऐकून लगेच कालनिर्णय काढलं.

आणि नाशिककरांसाठी खास. लांबची बहुतेक विमानं मुंबईहून रात्री किंवा पहाटे सुटतात. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ पासून खुला आहे, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. तरी पुढे मुंबईची गर्दी आहेच. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे, तेव्हा तिकिटावर "मुंबई" वाचून गाडी काढू नका. कोणता विमानतळ, कोणतं टर्मिनल ते बघा.

आम्ही काय ठरवलं

यादीतल्या पाच ओळींना प्रत्येकी गुण दिले. थेट विमान "बदलायचं नाही" यात पहिलं आलं, पण त्या तारखेला जी मांडणी दिसत होती ती २-३-२ होती आणि सोळा तास सलग. युरोपचा मार्ग चालण्यात पहिला, झोपेत आणि पायपिटीत मागे. शेवटी अबू धाबीमार्गे जाणारं तिकीट घेतलं. लांबच्या टप्प्यावर १-२-१, मधली जोडी, पहिली रांग. ते सगळ्यात स्वस्त नव्हतं. जाताना बिझनेस आणि येताना प्रीमियम इकॉनॉमी असा स्वस्त पर्यायही होता, पण आजोबा म्हणाले, "परत येताना पाय काय बदलून मिळणार आहेत?" त्यावर कोणी काही बोललं नाही. लग्न छान झालं आणि आजी स्वतःच्या पायांवर मांडवात उभी होती.

पण मित्रांनो, हे आमचं उत्तर आहे, तुमचं नाही. तुमचे काका एकटे कंपनीच्या खर्चाने सकाळच्या मीटिंगला जाणार असतील, तर थेट विमानच बरं. कोणाला भाषेची अडचण असेल, तर हिंदी-मराठी बोलणारा क्रू सपाट बेडइतकाच मोलाचा. आणि प्रवासी विशीतला धडधाकट असेल तर? इकॉनॉमीत बसा, दर दोन तासांनी उठा, आणि उरलेल्या पैशांत पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं घ्या!

क्रम तेवढा लक्षात ठेवा: प्रवासी, मार्ग, विमान, खुर्ची, विमानतळ, तिकिटाचे नियम. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. आणि पहिली पायरी नेटवर होत नाही. लॅपटॉप उघडण्याआधी, ज्यांना जायचं आहे त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" निम्मं उत्तर तिथेच मिळतं.